मैथिलीचं दीड पान

आधीच सांगते, माझी कॉम्प्युटरबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती चांगलं चाललेलं मोडून घरात नवीन घुसवणाऱ्यांबद्दल, आणि त्यांत माझ्या नवऱ्याचा नंबर पहिला. मुकुल असा माणूस आहे की नळ गळत नसला तरी तो एकदा आवळून बघेल, आणि मग नळ गळायला लागेल. त्याच्या या गुणापायी दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात माझा जो कोंडमारा झाला, तो माझा मलाच ठाऊक.

आम्ही महाडला राहतो. खाली दोन खोल्या नि स्वयंपाकघर, वर पत्र्याखाली एक लांबट खोली. सावित्री नदीचं पाणी पेठेत शिरलं की आमच्या खालच्या खोल्यांतही येतं, त्यामुळे जे जपायचं ते वर, असा घरचा साधा नियम. कॉम्प्युटर वर, लोणच्याच्या बरण्या वर, आणि सासरेसुद्धा वरच. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. पोलादपूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, रोज एसटीनं जाऊन-येऊन. रिटायर झाल्यावर थोडे दिवस गप्प बसले, मग त्यांनी कुलवृत्तांत काढला.

कुलवृत्तांत म्हणजे घराण्यातली सगळी माणसं एका पुस्तकात. मूळपुरुषापासून काल जन्मलेल्या पोरापर्यंत, कोण कुठे असतो, काय करतो, कुणाची मुलगी कुठे दिली. आमचं आडनाव मी सांगत नाही, उगाच कुणीतरी भांडायला यायचं. अण्णा सांगायचे आणि मी टाइप करायचे. लग्नाआधी मी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि वरच्या खोलीत बसून शाळांच्या प्रश्नपत्रिका नि संस्थांचे अहवाल टाइप करून द्यायचे. सकाळी लोकांची कामं, दुपारी अण्णा. पत्रा तापलेला, पंखा गरम वारा फेकतोय, आणि मागे आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेले मास्तर. माझ्या दुपारी अशा गेल्या.

तेवढ्यानं भागलं असतं तर मी हू की चू केलं नसतं. पण अण्णांचा राग! माणूस चुकला की पुस्तकाच्या बाहेर. पुण्याच्या चुलत सासऱ्यांनी पत्राला उत्तर दिलं नाही, वगळा. दापोलीच्या आत्यांच्या नातवानं फोनवर 'कोण अण्णा' असं विचारलं, वगळा. मग मी त्यांच्यादेखत ते पान कोरं करायचं, तसंच सेव्ह करायचं आणि त्यांना दाखवायचं. महिन्याभरात राग उतरायचा. पुण्याहून गौरी-गणपतीचं बोलावणं यायचं, की अण्णा म्हणायचे, घाल परत, होतं तसं. होतं तसं म्हणजे स्वल्पविरामासकट. आणि छापून ठेवायची बंदी. अर्धवट कागद घरात नकोत, आले-गेले वाचतात नि गावभर करतात, असं त्यांचं म्हणणं.

मग मी जगले कशी? तर एफ नाइनवर.

आमच्या कॉम्प्युटरवर बॅकअपचं एक सॉफ्टवेअर होतं. पुराच्या भीतीनं मुकुलनंच ते घालून घेतलं होतं, एवढं श्रेय त्याला देते. रोज संध्याकाळी ते बदललेल्या फायलींची एकेक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं. त्यात एक सोय होती. एखाद्या फायलीवर जाऊन एफ नाइन दाबलं की छोटी चौकट उघडायची आणि तिच्यात त्या फायलीच्या आजवरच्या सगळ्या प्रती तारखांसकट दिसायच्या. हवी ती निवडायची, एंटर मारायचं, की जुनं पान जसंच्या तसं समोर. सुरुवातीला मी दोनतीनदा मुकाट्यानं सगळं परत टाइप केलं. मग एकदा भलतीकडे बोट पडलं आणि ही चौकट उघडली. त्या दिवशी मी खाली जाऊन स्वतःसाठी शिरा केला. तेव्हापासून अण्णांनी कितीही वगळावं, मी आपली बिनधास्त पुसायचे. मला माहीत होतं, माणूस कुठे जात नाही. एफ नाइनच्या मागे उभा आहे.

माझ्या नणंदेचं पानही मी असंच पुसलं.

मैथिली माझी नणंद, मुकुलची धाकटी बहीण. तिनं कापडे गावच्या महिपतशी लग्न केलं. महिपत शेतकऱ्याघरचा, जात वेगळी, आणि वर अण्णांचाच विद्यार्थी. यातलं अण्णांना नेमकं कुठलं जास्त लागलं, देव जाणे. लग्नाला आमच्याकडून कुणी गेलं नाही. कापडे काही लांब नाही, पोलादपूरला उतरायचं नि पुढची गाडी धरायची, पण बारा वर्षांत अण्णा गेले नाहीत आणि तीही आली नाही. सासूबाई गेल्या तेव्हा तेवढी आली, दाराशी बसली, डोळे पुसले आणि त्याच दिवशी परत गेली. बाप-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. मुकुल अधूनमधून फोन करायचा तेवढाच.

तर त्या वर्षी होळी झाल्यावर एका दुपारी अण्णा म्हणाले, नवीन फाइल काढ, मैथिलीची. मी मुकाट काढली. जन्म, शिक्षण, पतीचं नाव इथवर नेहमीसारखं झालं. मग ते थांबले. मला वाटलं डोळा लागला. आणि मग ते जे बोलायला लागले, ते मी या घरात आल्यापासून कधी ऐकलं नव्हतं.

मैथिली लहान असताना आईला बरं नसलं की ते तिला शाळेत बरोबर न्यायचे नि मागच्या बाकावर बसवायचे. एकदा ते फळ्यावर मोठा गुणाकार करून दाखवत होते. मागून ही पोर म्हणाली, अण्णा, हातचा राहिला. वर्ग हसला. अण्णांनी बघितलं तर खरंच राहिला होता. त्यांनी तिला उभं केलं, मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही असं बजावलं आणि फळा पुसून टाकला. त्यानंतर पोर त्यांच्यासमोर कधी मोकळेपणी बोलली नाही. लग्नाचंसुद्धा तिनं त्यांना विचारलं नाही, नुसतं कळवलं. आणि लग्नाच्या दिवशी अण्णा शाळेत काम आहे म्हणून घरातून निघाले ते पिशवीत नारळ आणि खण घेऊन. पोलादपूरच्या स्टँडवर उतरले. कापड्याची गाडी समोर उभी होती. चढले नाहीत. गाडी सुटली, ते चहा प्यायले आणि कशेडीकडून आलेल्या गाडीनं घरी परत आले. हे सगळं त्यांनी सांगितलं, आणि शेवटी एक वाक्य सांगितलं. "त्या दिवशी मी तिला गप्प बसवलं. ती बरोबर होती."

दीड पान झालं. माझे डोळे भरून आले. आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. अरे, हे त्या पोरीला सांगायचं सोडून पुस्तकात कसलं घालता! पण सुनेनं काय बोलावं?

आठवडाभरानं माशी शिंकली. अण्णांनी मुकुलकरवी मैथिलीच्या मुलांच्या जन्मतारखा मागवल्या. ती म्हणाली, मला त्या पुस्तकात घालू नका, माझ्या मुलांचं आडनाव वेगळं, गोत वेगळं. मुकुलला काही पोटात ठेवता येत नाही. त्यानं शब्दन् शब्द वर येऊन सांगितला. अण्णा पांढरेफटक पडले. म्हणाले, वगळा. मी पान कोरं केलं, सेव्ह केलं, दाखवलं. मला कसलीही धाकधूक नव्हती. उलट मनात म्हटलं, फार तर वैशाखापर्यंत परत घालायला लावतील.

आणि मग आला आमोद.

आमोद मुकुलच्या मित्राचा मुलगा, पुण्याला शिकून आलेला, महाडात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. दुसरी डिस्क भरत आली होती आणि रोज संध्याकाळी लाल अक्षरात तसं लिहून यायचं. मला त्याचं काही नव्हतं. मुकुलला मात्र ती लाल अक्षरं बघवेनात. त्यानं आमोदला बोलावलं. आमोद म्हणाला, नवीन व्हर्जन आलंय, एकदम हलकं, सगळं आपोआप, काकूंना काही दाबायलाच नको. मी त्याच्यासाठी चहा टाकायला खाली गेले. हो, त्याच्यासाठी. तो चहा माझ्या अजून डोक्यात आहे. मी आलं किसत असताना वर नव्या सॉफ्टवेअरनं इंग्रजीत प्रश्न विचारला, आमोदनं मुकुलला विचारलं की जुन्या प्रती लागणार आहेत का, मुकुल म्हणाला काय करायच्यात, दाब यस. आणि आमोदनं यस दाबलं.

मला हे कळलं ते पुण्याचे चुलत सासरे परत घालायची वेळ आली तेव्हा. फाइल उघडली, एफ नाइन दाबलं, काही नाही. परत दाबलं. दहादा दाबलं. कळीत कचरा गेला असेल म्हणून फुंकर मारून दाबलं. शेवटी आमोदला फोन लावला. तो म्हणाला, ते फीचर त्यांनी काढून टाकलं काकू, कुणी वापरत नव्हतं म्हणे.

म्हटलं, मी वापरत होते ना! मी काय कुणीच नाही?

मग त्यानं समजावलं. नवीन व्हर्जन फक्त आजची प्रत ठेवतं. आज जे आहे तेच तिकडे. पान कोरं असेल तर तिकडेही कोरंच. जुनं व्हर्जन परत घालता येईल का? येईल, पण जुन्या प्रती गेल्या त्या गेल्या. त्या डिस्कमधून काढता येणार नाहीत का? नाही, त्या जागेवर आता नवीन लिहिलं गेलंय. मग कंपनीचा नंबर दे. दिला. तिथे एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, नवीन व्हर्जन घेतल्याबद्दल अभिनंदन. मी फोन आपटला.

चुलत सासरे मी परत टाइप केले. त्यांची माणसं मला तोंडपाठ होती. पण मैथिलीचं पान!  जन्मतारखा परत मिळतील, शिक्षण मिळेल. ते बोलणं कुठून आणू?

मुकुलला सांगितलं तर म्हणतो, एवढं काय, परत सांगतील की. उंटावरचा शहाणा. स्वतःच्या बापाला चाळीस वर्षांत ओळखलं नाही. अण्णांना सांगावं तर धीर होईना. वाटलं, थोडे दिवस जाऊ देत, अजून राग आहे, पान मागतायत कुठे. असं म्हणत मी दिवस काढत होते, आणि एका सकाळी महिपत दारात उभा राहिला. भात भरडायला महाडला आला होता. हातात एक चिठ्ठी, तिच्यावर दोन्ही मुलांच्या जन्मतारखा. वरून अण्णा डोकावले तसा तो खालूनच म्हणाला, "सर, तिनं नाय पाठवल्या. मीच आणल्यात. तुम्ही मागितल्या होत्या ना." चिठ्ठी माझ्या हातात देऊन पाणीसुद्धा न पिता गेला.

अण्णा संध्याकाळी जिना उतरून खाली आले, फोनपाशी बसले आणि त्यांनी स्वतः कापड्याला फोन लावला. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी कणीक मळत होते, हात तसेच राहिले. ते म्हणाले, "तुझ्याबद्दल लिहिलंय मी. दीड पान आहे. येऊन वाच." पलीकडून काही विचारलं असावं, कारण ते पुढे म्हणाले, "काढलं होतं. पण आहे. विनोदिनीकडे आहे."

विनोदिनी म्हणजे मी. माझ्याकडे होतं कोरं पान.

मैथिली रविवारी येते म्हणाली. वाचून जाईन, राहणार नाही, असंही म्हणाली. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. त्या रात्री ते दुप्पट जेवले. त्यांच्या आयुष्यात एकच गोष्ट लेकीच्या हातात द्यायला होती आणि ती त्यांच्या मते माझ्यापाशी सुखरूप होती. मला घास गिळेना. सांगितलं तर म्हातारा कोसळेल, नाही सांगितलं तर रविवारी सगळ्यांदेखत उघडं पडेल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही खणून ठेवणारा माझा नवरा बाजूला बसून ताक भुरकत होता.

दुसऱ्या दुपारी मी सांगून टाकलं. म्हटलं अण्णा, सॉफ्टवेअर बदललं त्यात ते पान गेलं, पुन्हा एकदा सांगा, मी लगेच घेते. त्यांना आधी कळलंच नाही. तू तर नेहमी परत आणतेस, म्हणाले. मी म्हटलं, आता येत नाही.  मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एकदा बोललो," ते म्हणाले. "ते काय रोज बोलायचं असतं?"

तरी बसले. डोळे मिटले. मैथिली, जन्म महाड, शिक्षण बी. कॉम., पती महिपत, कापडे. पुढे काही येईना. मी वाट बघितली. मग हळूच म्हटलं, तो वर्गातला गुणाकार. तर फाडकन डोळे उघडून म्हणाले, कसला गुणाकार? मी म्हटलं, हातचा राहिला होता तो. म्हणाले, गणितात माझा हातचा कधी राहिलेला नाही. आणि पोलादपूरचं स्टँड? म्हणे, त्या दिवशी शाळेत काम होतं. तेच घरात बारा वर्षं सांगितलेलं! मी थक्क झाले. पान होतं तोवर ते खरं होतं. पान गेल्याबरोबर माणूस मागे सरकून परत आपल्या जागी जाऊन बसला, आणि मला साक्षीदारही नाही.

मग मी दोन दुपारी खपून आठवेल तसं लिहून काढलं. माझी स्मरणशक्ती वाईट नाही. पण लिहिलेलं वाचलं तर ते माझं होतं. त्यात माया होती, हुंदका होता, माझ्या माहेरचे दोन शब्दसुद्धा शिरले होते. अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि हात हलवला. हे मी नाही, म्हणाले, वगळा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. त्या वरच्या खोलीत मला श्वास घेववेना. खिडकीबाहेर पत्रा, आत पत्रा, समोर ती मख्ख मशीन आणि मागे तो मख्ख माणूस, आणि रविवार काही थांबायला तयार नाही. असंही मनात आलं की सरळ माहेरी निघून जावं, बाप-लेकींनी काय ते एकमेकांचं बघावं. गेले नाही. जाऊन सांगणार काय, की कॉम्प्युटरमधलं एक बटण गेलं म्हणून आले?

रविवारी ती दोघं आली. महिपतच्या खांद्यावर फणस, मैथिलीच्या हातात करवंदांची परडी. महिपत खाली मुकुलशी बोलत बसला. वर यायचं नाही, असं ठरवूनच आला असावा. मैथिली वर आली, अण्णांच्या पाया पडली आणि उभीच राहिली. मी खुर्ची पुढे केली, बसली नाही. केस कानापाशी पांढरे झालेले, अंगावर चांगली साडी. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, कुठे आहे?

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. आणि तो माणूस, ज्यानं पोरांना चाळीस वर्षं खरं बोला म्हणून छड्या मारल्या, तो म्हणाला, "हिच्या कॉम्प्युटरनं खाल्लं."

मैथिली थोडी हसली. राग नव्हता त्यात, तेच वाईट होतं. "असू दे," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं." आणि पदर सावरून जिन्याकडे वळली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सासरे म्हटलं नाही नि नणंद म्हटलं नाही, मी तोंड सोडलं. म्हटलं होतं ते पान, माझ्या या बोटांनी टाइप केलंय, खोटं असेल तर जीभ झडो. त्यात तुझं असं असं लिहिलं होतं, असं म्हणून मी सांगायला लागले, तर तिनं मला हातानंच थांबवलं.

"वहिनी, तू सांगितलेलं मला नको."

तिचं बरोबर होतं. मी खाली बघत राहिले.  ती पहिल्या पायरीवर, अण्णा खुर्चीत, मी मध्ये. खालून मुकुलचा आवाज येत होता, फणस कापा की बरका विचारत होता. मला वाटलं आता ही उतरणार, आणि उतरली की परत या घरात येणार नाही.

मग अण्णा म्हणाले, "विनोदिनी, बस. घे."

मी बसले. त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला वळवून घेतली, म्हणजे मैथिलीकडे त्यांची पाठ झाली. डोळे मिटले. मैथिली, जन्म महाड. मी टाइप केलं. शिक्षण, पती, गाव. मुलांच्या तारखा चिठ्ठी न बघता सांगितल्या. मग थांबले. मी बोटं तशीच ठेवून बसले. मनात म्हणत होते, बोला हो, बोला आता.

"पाचवी ब चा वर्ग होता," ते म्हणाले.

आणि लाइट गेली. आमच्याकडे तेव्हा रोजचंच होतं ते, दुपारी वेळी-अवेळी जायची. पंखा गरगरत थांबला, पडदा काळा झाला.  थांबा म्हणावं, तर ते पुन्हा कधी सुरू होतील? मी थांबलेच नाही. कीबोर्डवर बोटं चालवत राहिले, खट खट खट, नेहमीच्या वेगानं. मेलेल्या मशीनवर. पंखा थांबलेला अण्णांना कळला नसेल असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. पण त्यांनी डोळे उघडले नाहीत.

त्यांनी गुणाकार सांगितला. हातचा राहिला ते सांगितलं. फळा पुसला ते सांगितलं. आणि मागच्या वेळी नव्हतं तेही सांगितलं, की मी तसाच पुढचा धडा घेतला, त्या पोरांच्या वह्यांत ते गणित चुकीचंच राहिलं. नारळ सांगितला, खण सांगितला. कापड्याच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा होता, सर येताय ना म्हणाला, मी मान हलवली. गाडी वळेपर्यंत उभा होतो. प्रत्येक वाक्य ते वर्गात सांगतात तसं सुटं सुटं सांगत होते आणि मी प्रत्येकाला पुरेल एवढं खटखटत होते. मैथिली कधीतरी पायरीवरून परत आत आली होती. तिनं काळा पडदा बघितला, माझी बोटं बघितली. 

"त्या दिवशी मी तिला गप्प बसवलं," अण्णा म्हणाले. "ती बरोबर होती. झालं. वाच बघू."

मी पडद्याकडे बघत राहिले.  ते सगळं ऐकलं होतं, पण बोटं चालवण्याच्या नादात एक शब्द धड आठवेना. म्हटलं झालं, गेलं परत.

"मी वाचते," मैथिली म्हणाली.

ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, थोडी वाकली आणि त्या काळ्या पडद्यावरून वाचायला लागली. पाचवी ब चा वर्ग होता. मागच्या बाकावर माझी मुलगी बसली होती. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आवाज फक्त एकदाच अडखळला, नारळापाशी, मग तिनं तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलत होते. ती शेवटापर्यंत आली. त्या दिवशी मी तिला गप्प बसवलं. ती बरोबर होती. आणि त्याच आवाजात ती पुढे म्हणाली, "मग तीसुद्धा हट्टानं गप्पच बसली. तिनं एकदा येऊन बोलायला हवं होतं."

अण्णांनी डोळे उघडले. खुर्चीतल्या खुर्चीत वळून त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"हे मी सांगितलं नव्हतं."

"नाही," मैथिली म्हणाली. "हे मी घातलं."



"राहू दे," अण्णा म्हणाले.